राजकीय पदावरून कुलगुरुपदी

मंत्रिपदासारखी राजकीय जबाबदारी सांभाळलेल्या व्यक्तीने पुढे विद्यापीठाचे नेतृत्व स्वीकारण्याची प्रथा. राज्यपाल राज्यातील विद्यापीठांचे पदसिद्ध कुलपती असतात, तो प्रकार वेगळा. येथे अभिप्रेत आहे ते रोजचा कारभार पाहणारे कुलगुरुपद.

पुणे विद्यापीठाचे पहिले दोन्ही कुलगुरू असेच आले. पहिले मु. रा. जयकर हे स्वराज्य पक्षातले नेते. त्यांच्यानंतर १९५६ मध्ये आलेले रँग्लर र. पु. परांजपे हे मुंबई इलाख्याचे माजी शिक्षणमंत्री. मात्र फर्ग्युसनचे प्राचार्यपद आणि लखनौचे कुलगुरुपद भूषवलेल्या परांजप्यांना केवळ राजकारणी म्हणणे अन्यायाचे होईल.

अर्थखात्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. नियोजन आयोगाच्या प्रश्नावरून १९५० मध्ये राजीनामा दिलेले अर्थमंत्री जॉन मथाई पुढे मुंबई व नंतर केरळ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या जागी आलेले चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या केंद्राच्या भूमिकेवरून त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले. ज्या सरकारला त्यांनी लोकसभेत खडे बोल सुनावले, त्याच सरकारच्या काळात ते त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाला वैधानिक दर्जाही तेव्हाच मिळाला. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्ली हे केंद्रीय विद्यापीठ, म्हणजे त्याचा पैसा आयोगाकडून आणि आयोगाचा केंद्राच्या तिजोरीतून. तिजोरी सांभाळणारा, अनुदान वाटणारा आणि ते मागणारा, अशा तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस क्रमाने बसला. माजी मंत्र्याकडून विद्यापीठांना हवे असते ते बहुधा हेच: दिल्लीची वाट ठाऊक असणे. देशमुखांकडे विद्वत्ताही होती, हे भाग्य. पुढे १९६९ मध्ये ते स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी कुलगुरुपदासाठी प्राध्यापकपदाचा किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेतील दहा वर्षांचा अनुभव आवश्यक ठरवला. निव्वळ राजकीय कारकिर्दीवर हे पद मिळण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात उद्योग व सार्वजनिक धोरण क्षेत्रांतील अनुभवी व्यक्तींनाही पात्र धरण्याचे सुचवले गेले. त्यावर अनेक राज्यांनी हरकत घेतली.