ई.बी.सी.च्या फॉर्मपासून महाडीबीटीपर्यंत

गेली सहा वर्षं जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी साडेसात ते दहा मी ठाण्यात किसननगरच्या एका मंडळाच्या खोलीत बसतो. समोर लॅपटॉप, शेजारी झेरॉक्सचा गठ्ठा. वागळे इस्टेटच्या आसपासची, कळव्याची, कधी दिघ्याची मुलं शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला येतात. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाईल असते. तिच्यात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, कॅप राऊंडचं (केंद्रीय प्रवेश फेरीचं) पत्र, रेशनकार्ड, आधार. खुर्चीत बसायच्या आधीच आई किंवा वडील विचारतात, "फी माफ होईल ना?"

'माफ' हा शब्द त्यांना त्यांच्या आईवडिलांकडून मिळालेला आहे. एके काळी फी खरोखर माफ होत असे. आता सरकारी कागदावर शब्द आहे 'प्रतिपूर्ती', म्हणजे भरलेले पैसे मागाहून परत मिळणं. गरीब घराच्या दृष्टीने या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शासनाने गेल्या दहा वर्षांत सवलती भरपूर वाढवल्या, तरी माणसं धास्तावलेली का येतात, याचं उत्तर या अंतरात आहे.

गरजू मुलाला शिकायला पैसे द्यावेत ही कल्पना आपल्याकडे सरकारच्याही आधी संस्थानांत आणि वसतिगृहांत रुजली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली, कारण खेड्यातल्या पोराला शहरात फीपेक्षा जेवणाची आणि झोपायच्या जागेची अडचण मोठी होती. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. तिघांच्याही कामात एक गोष्ट सारखी आहे. मुलगा शिकत असताना त्याच्या पोटाची सोय आधी झाली पाहिजे, हे ते धरून चालले.

बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसे बाजूला काढावेत असा आग्रह त्यांनी धरला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आजही जुने लोक तिला 'भारत सरकारची शिष्यवृत्ती' म्हणतात, आणि कॉलेजच्या खिडकीवर कारकून नुसतं 'जीओआय' म्हणतो. फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही देणारी ही योजना. महाराष्ट्रातल्या किती बौद्ध घरांतला पहिला पदवीधर तिच्या आधारावर उभा राहिला, हे ज्याच्या त्याच्या घरी विचारावं.

दुसरी वाट जातीऐवजी उत्पन्न पाहणारी. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, द्विभाषिक मुंबई राज्याच्या अखेरच्या दिवसांत, ई.बी.सी. सवलत आली. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबातल्या मुलाची शिकवणी फी सरकार सोसणार. पुढे बरीच वर्षं लोकांच्या तोंडी 'बाराशेच्या आत' असा शब्द होता, म्हणजे वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत. फॉर्म भरायचा, तलाठ्याचा किंवा मालकाचा दाखला जोडायचा, आणि फी भरायचीच नाही. कॉलेज आपला हिशोब सरकारशी करील. किरकोळ फी तेवढी घरून. शेतकरी, शिक्षक, गिरणी कामगार यांची मुलं या सवलतीवर बी.ए., बी.कॉम. झाली. ती पुरायचं कारणही साधं होतं: कॉलेजं अनुदानित होती आणि फी मुळातच शेकड्यांत होती.

हे चित्र १९८३ साली बदललं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने खाजगी संस्थांना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली. जागा वाढल्या, आणि कर्नाटकात जाऊन शिकणारी मुलं इथे शिकू लागली, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्याबरोबर फीचा पूर्ण बोजा घरावर आला. देणग्यांचा सुळसुळाट इतका झाला की १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाजगी संस्थांना आपली फी ठरवण्याची मुभा दिली. नफेखोरीला मात्र मनाई केली. पुढे फी तपासायला समित्या आल्या आणि २०१५ साली महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा करून शुल्क नियामक प्राधिकरण नेमलं. एवढं होईपर्यंत फी लाखाच्या घरात गेली होती आणि ई.बी.सी.ची उत्पन्नमर्यादा एक लाखावर अडकलेली होती. वर्षाला लाखाच्या आत कमावणाऱ्याने लाखाची फी भरायची आणि त्यातली काही परत मिळायची वाट बघायची, अशी ती योजना झाली होती.

२०१६ हे वर्ष त्या गोठलेल्या आकड्याला हलवणारं ठरलं. मराठा क्रांती मूक मोर्चे जिल्ह्याजिल्ह्यांत निघत होते, ऑक्टोबरमध्ये ठाण्यातही निघाला. शिक्षणाची फी हा त्या मोर्चांतला एक कळीचा विषय होता. त्याच महिन्यात सरकारने मर्यादा एक लाखावरून अडीच लाखांवर नेली, आणि गुणांची अट घालून सहा लाखांपर्यंतच्या कुटुंबांनाही आत घेतलं. पुढे योजनेला राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं आणि मर्यादा आठ लाखांवर गेली. आठ लाख म्हणजे महिन्याला सुमारे सहासष्ट हजार. रिक्षावाला, छोटा दुकानदार, खाजगी कंपनीतला कारकून, ठाण्यातला मोठा वर्ग त्यात आला. मिळतं ते शिकवणी आणि परीक्षा फीचं निम्मं. डेव्हलपमेंट फी, बसभाडं, लॅपटॉप हे सगळं बाहेर.

राहण्या-खाण्याचा प्रश्न, जो शाहू महाराजांनी आधी सोडवला होता, तो सरकारी योजनांत एवढ्या मोठ्या प्रमाणावर याच सुमाराला परत आला. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम्, शेतकरी आणि मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्याच्या बरोबरीने ठाणे आणि नवी मुंबई वरच्या दरात बसली: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००, मिळून वर्षाला ६०,०००. बीड-लातूरकडून येऊन घणसोली-ऐरोलीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला याचा मोठा हात मिळतो. पण मुलगा स्थानिक रहिवासी नको, अशी अट आहे. कळव्याच्या चाळीतून रोज पनवेलला जाणारा, ज्याच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तो यात बसत नाही.

स्थानिक पातळीवरही काही झालं आहे, आणि ते इथल्या मातीतून आलं आहे. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्यांना पाच जण बळी पडले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क त्या लढ्यातून आला. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडून विद्यावेतनही मिळत आलं आहे. नवी मुंबई महापालिका विधवा आणि घटस्फोटित महिलांच्या मुलांना, सफाई कामगारांच्या आणि दगडखाण, नाका कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देते. बांधकाम कामगार मंडळाकडे वडिलांची नोंदणी असली तर इंजिनिअरिंगला वर्षाला ६०,००० मिळू शकतात. नोंदणीला वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, आणि नाक्यावर रोज नव्या मुकादमाबरोबर जाणाऱ्याला तो कोण देणार, हा प्रश्न माझ्या टेबलावर दर वर्षी येतो.

मला सगळ्यात जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २०१३ पासून अडीच लाखांवर आहे. महिन्याचे वीस हजार आठशे. नवरा सिक्युरिटीत आणि बायको दोन घरी पोळ्या करते, की कुटुंब त्या मर्यादेच्या बाहेर. मग 'फ्रीशिप' मिळते, फी सुटते, पण निर्वाह भत्ता जातो. एका योजनेत आठ लाख आणि दुसरीत अडीच, ही तफावत कुठल्याही तर्काने समजावता येत नाही. ती मर्यादा वाढलीच पाहिजे.

आता पैसे येण्याची वाट. २०१७-१८ पासून बहुतेक योजना राज्य सरकारच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर आल्या आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागली. आधीच्या पद्धतीत बोगस विद्यार्थी दाखवून पैसे लाटण्याचे प्रकार उघडकीला आले होते, त्यामुळे बदल हवाच होता. पण पूर्वी सरकार आणि कॉलेज यांच्यात असलेला हिशोब आता मुलाच्या अंगावर आला. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, मग विभागाच्या लॉगिनला, आणि फीची पावती मात्र प्रवेशाच्या दिवशीच फाडलेली असते. २०२१ पासून अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा वेगवेगळा येतो, म्हणून वाटही दोनदा बघायची.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ई.डब्ल्यू.एस. (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एस.ई.बी.सी. (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओ.बी.सी. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पन्नासऐवजी शंभर टक्के शिकवणी आणि परीक्षा फीची सवलत दिली. ९०६ कोटींचा जादा भार सरकारने उचलला. गेल्या कित्येक वर्षांतला हा सगळ्यात चांगला निर्णय आहे असं मी मानतो.

त्याच पावसाळ्यात दिघ्याची एक ओ.बी.सी. मुलगी आईबरोबर आली होती. इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. शासन निर्णयाची प्रिंट मीच काढून दिली. कॉलेजने ती बघितली, परत दिली आणि सांगितलं, "आधी पूर्ण भरा, आलं की देऊ." मी फोन केला, तिथूनही तेच उत्तर. आईने भिशीचा नंबर अदलाबदल करून आधी उचलला, चाळीस हजार. उरलेले मोठ्या दिराकडून. वर्षभर ती दर महिन्याला चार हजारांचा हप्ता भरत राहिली. फीचे पैसे मुलीच्या खात्यात आले ते पुढच्या मार्चमध्ये.

या जुलैत त्या मुलीच्या आई पुन्हा आल्या, धाकट्या मुलाची फाईल घेऊन. त्याला शंभर टक्के नाही, निम्मी सवलत. दाखला ताजा होता, आधार जोडलेलं होतं, सगळ्या झेरॉक्स दोन-दोन. फॉर्म सबमिट झाल्यावर त्यांनी अर्जाचा क्रमांक वहीत लिहून घेतला आणि म्हणाल्या, "दादा, यंदा भिशी पाच हजारांची घेतलीय."