प्लेको (शोभिवंत मार्जारमीन)

लोरिकॅरिइडी या मत्स्यकुलातील, चूषक मुखाच्या मार्जारमीनांना मत्स्यपालकांनी दिलेले सामूहिक नाव. हे कुल गोड्या पाण्यातले आहे. त्याचा विस्तार कोस्टारिकापासून अर्जेंटिनापर्यंत असून वर्णन झालेल्या जाती हजाराच्या घरात आहेत. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या तकटांच्या रांगा असतात आणि तोंड खालच्या बाजूला असते. पुण्यातल्या दुकानांत यांतल्या बहुतेक माशांना ‘सकर’ म्हणतात. अडचण त्या नावातच आहे, कारण जेमतेम ८–१० सेंमी. होणारा आणि ४० सेंमी.च्या पुढे जाणारा असे दोन्ही मासे त्याच नावाने विकले जातात.

नाव व वर्गीकरण : ‘प्लेको’ हे ‘प्लेकोस्टोमस’चे लघुरूप. त्याची फोड सामान्यतः ग्रीक भाषेवरून ‘घडीचे तोंड’ अशी करतात. मत्स्यशास्त्रज्ञ ग्रोनोव्ह यांनी हे नाव १७५४ च्या सुमारास वापरले. प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीचा आरंभ १७५८ पासून धरला जात असल्याने प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाचे, ‘जीनस’चे) नाव म्हणून ते ग्राह्य ठरत नाही. त्याच १७५८ साली लिनीअस यांनी या माशाला ‘असिपेन्सर प्लेकोस्टोमस’ म्हटले, म्हणजे त्याला स्टर्जन या अंगावर हाडांची तकटे असलेल्या वेगळ्या माशांत बसवले. अंगावरची तकटे पाहता ही चूक समजण्यासारखी आहे. लासेपेद यांनी १८०३ मध्ये ‘हायपोस्टोमस’ ही प्रजाती केली आणि आज तेच नाव मान्य आहे. तरीही जुने नाव विसाव्या शतकातील लिखाणात बराच काळ टिकले, आणि दुकानांतून ते अजून गेलेले नाही.

आज ‘कॉमन प्लेको’ म्हणून मिळणारा मासा मात्र बहुधा हायपोस्टोमस नसून टेरिगोप्लिक्थिस असतो. पृष्ठपराच्या (पाठीवरच्या पराच्या) मऊ काड्या मोजणे हा ओळखण्याचा सोपा मार्ग : हायपोस्टोमसमध्ये साधारण ७, टेरिगोप्लिक्थिसमध्ये ९ किंवा अधिक.

वर्णन होण्याआधीच व्यापारात येणाऱ्या माशांसाठी ‘डाट्स’ या जर्मन मासिकाने १९८८ मध्ये ‘एल’ क्रमांक सुरू केले. क्रमांक म्हणजे जात नव्हे, हे लक्षात ठेवावे. सोनेरी ठिपक्यांच्या बॅरिअँसिस्ट्रस झँथेलसला (वर्णन २०११) पिल्लूपणी एक आणि मोठेपणी दुसरा असे वेगळे क्रमांक मिळाले होते. ‘ब्रिसलनोज’ अँसिस्ट्रसचा गोंधळ याहून मोठा आहे. बाजारात त्याला अनेकदा अँ. डोलिकॉप्टेरस म्हणतात, पण ती जात काळी, पांढऱ्या ठिपक्यांची आहे. टाक्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला तपकिरी मासा निराळा असून तो संकरातून आला असावा, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते.

निवड : घरच्या टाकीसाठी अँसिस्ट्रस सर्वांत योग्य. तो १२–१५ सेंमी. वाढतो, शेवाळ खरोखर खातो आणि अडीच-तीन फुटांच्या टाकीत आयुष्य काढतो. पट्ट्यांचा पॅनाकोलस मॅकस याहून लहान आहे, पण दिवसा क्वचितच दिसतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हायपॅनसिस्ट्रस झेब्रा (एल ०४६, वर्णन १९९१) फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीत आढळतो. तिथल्या बेलो मोंते धरणाने त्याचा अधिवास धोक्यात आणला. साइट्स या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२२ च्या पनामा परिषदेत त्याचा समावेश परिशिष्ट २ मध्ये (व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत) झाला, म्हणून कागदपत्रे पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. टेरिगोप्लिक्थिस चार फुटांच्या टाकीतही मावत नाही. पिल्लू पाच सेंमी.चे आणि स्वस्त असते म्हणून तो घरी येतो, आणि त्याचे हाल तिथून सुरू होतात.

घेताना काचेला चिकटलेल्या माशाचे पोट समोरून पाहावे. ते भरलेले असावे. खपाटीला गेलेले पोट आणि आत ओढलेले डोळे दिसले तर कितीही देखणा मासा असला तरी सोडून द्यावा, कारण उपाशी राहिलेला प्लेको सहसा सावरत नाही.

निगा : पुणे महापालिकेचे खडकवासला साखळीतले धरणाचे पाणी तुलनेने मऊ असते, बोअरचे आणि टँकरचे जड. सोसायटीच्या टाकीत ही तिन्ही मिसळतात, म्हणून पाणी बदलताना आपल्या नळाला त्या दिवशी काय आले हे विचारलेले बरे. क्लोरीन काढणे आवश्यक आहे. पुण्यात हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, त्यामुळे हीटर हवाच. बहुतेक जातींना २४–२८ अंश चालतात, शिंगूतल्या जातींना २८–३० लागतात. पाणी गरम तितका त्यात प्राणवायू कमी, म्हणून हवेचा पंप चालू ठेवावा.

शेवाळावर प्लेको जगतो ही समजूत सोडावी. काकडी, दुधी, उकडलेला पालक यांचे तुकडे संध्याकाळी टाकून सकाळी काढून घ्यावेत. हायपॅनसिस्ट्रसचा कल मांसाहाराकडे असतो. पॅनाक व पॅनाकोलस लाकूड कुरतडतात, पण ते पचवतात का, यावर मतभेद होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लाकूड आतड्यातून काही तासांतच, फारसे न पचता बाहेर पडते असे आढळले, आणि आता हेच मत ग्राह्य मानावे. तरीही टाकीत लाकूड ठेवावे. जाळीने मासा पकडू नये, परांचे व गालांचे काटे अडकतात. डबा वापरावा.

प्रजनन : अँसिस्ट्रस घरी सहज वितो. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेली, झिलई नसलेली, एका बाजूने बंद मातीची नळी पुरते. नर आत शिरून तोंडाशी बसतो. नाकावरच्या फांद्याफांद्यांच्या मिशा तेवढ्या बाहेर दिसतात. नारिंगी अंड्यांचा घोस त्याच्या पोटाखाली असतो आणि तो दिवसरात्र परांनी पाणी हलवत राहतो, खायलाही बाहेर येत नाही. साधारण पाच-सहा दिवसांनी पिल्ले निघतात आणि पिवळ्या बलकाची पिशवी संपेपर्यंत नळीच्या भिंतीला चिकटून राहतात. या काळात नळी हलवू नये.

पर्यावरणीय धोका : टेरिगोप्लिक्थिस जाती केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल आदी राज्यांच्या पाण्यात पसरल्या आहेत. हा मासा जठरातून हवा घेऊ शकतो, त्यामुळे घाण पाण्यातही तगतो. तो काठात बिळे खणतो, आणि त्याच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात. मोठा झालेला मासा नदीत सोडणे ही दया नव्हे. मुठेत सोडलेला मासा मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयापर्यंत जाऊ शकतो. तो दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या पालकाकडे सोपवावा.