टाइमलॅप्सची जाहिरात: वाटाण्याच्या कुंडीपासून अक्कलकोट रोडच्या मागापर्यंत

सध्या सोलापुरात कुठलंही नवीन दुकान उघडायचं म्हटलं की आधी रील येते. नवी पेठेतलं कापड दुकान असो नाहीतर होटगी रोडचं हॉटेल, रिकामा गाळा दिसतो, मग फरशी, मग पीओपी, मग लायटिंग, आणि तीस सेकंदात दुकान तयार. बऱ्याच जणांना वाटतं हे मोबाइलमुळे आलेलं फॅड आहे, पण माझं म्हणणं आहे की टाइमलॅप्स, म्हणजे थोड्या थोड्या वेळाने टिपलेली चित्रं भराभर पळवून तासांचं किंवा दिवसांचं काम सेकंदांत दाखवणं, आणि धंदा ह्यांचं नातं आपल्याकडे शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे, आणि ते एका मराठी माणसाने जोडलंय.

१९१२ साल. दादासाहेब फाळके लंडनला जाऊन आले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आला, पण सिनेमा काढायला पैसा कोण देणार? सिनेमा इथे, आपल्या माणसांनी बनवायचा, हे तोंडी सांगून पटण्यासारखं नव्हतंच. मग त्यांनी काय केलं, एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला, महिन्याभरापेक्षा जास्त दिवस त्या कुंडीचं थोडं थोडं चित्रण करत राहिले, कोंब फुटला, वर आला, त्याचा वेल झाला, आणि हे सगळं जेमतेम मिनिटभराच्या फिल्ममध्ये बसवलं. नाव ‘अंकुराची वाढ’. ही फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली आणि ती बघून त्यातले काही जण कर्ज द्यायला तयार झाले. पुढे ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला ते आपण शाळेत शिकलोय, पण ज्याच्यामुळे भांडवल उभं राहिलं ती वाटाण्याची कुंडी कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. वाटाणा उगवतो हे पोराटोरांना पण माहीत असतं, पण उगवताना बघितलाय कुणी? फाळक्यांनी नेमकी अशी गोष्ट निवडली.

ही युक्ती त्यांच्या आधी परदेशात होतीच. जर्मनीत लायपझिगला विल्हेल्म फेफर नावाचे वनस्पतीशास्त्रज्ञ १९००च्या आसपास झाडांची हालचाल अशी टिपत होते, त्यांना ती अभ्यासासाठी हवी होती. न्यूयॉर्कमध्ये १९०१ साली बायोग्राफ ह्या फिल्म कंपनीने समोरचं स्टार थिएटर पाडताना आपल्याच बिल्डिंगमधून शूट केलं, दिवसाचे आठ तास, दर चार मिनिटांनी एक फ्रेम, साधारण महिनाभर. अख्खी इमारत विरघळल्यासारखी खाली जाते.

नंतर बरीच वर्षं हे काम मोठ्या लोकांचंच राहिलं. फिल्मचा रोल महाग, कॅमेऱ्याला ठरलेल्या वेळेने बटण दाबणारं यंत्र वेगळं लागायचं. डिजिटल कॅमेरा आला आणि रोलचा खर्च गेला. मग जाहिरात म्हणून ह्याची ताकद जगाला दिसली ती चीनच्या व्हिडिओमुळे, २०११च्या शेवटी हुनान प्रांतात ब्रॉड ग्रुपने ३० मजली हॉटेल १५ दिवसांत उभं केलं, आणि तो टाइमलॅप्स जगभर फिरला. पण एक सांगतो, त्या बिल्डिंगचे भाग आधीच फॅक्टरीत तयार झाले होते, ते काही कॅमेऱ्यासमोर झालं नाही. टाइमलॅप्स बघताना हे कायम डोक्यात ठेवावं. २०१४ला इन्स्टाग्रामचं हायपरलॅप्स ॲप आलं, त्याच वर्षी आयफोनच्या कॅमेऱ्यातच टाइमलॅप्सचं बटण आलं, आणि २०२०च्या जुलैत, टिकटॉक बंद झाल्यावर लगेच, रील्स आले. तिथून ते आपल्या पेठेत पोचलं.

आता सोलापूरचं. आपली चादर टाइमलॅप्ससाठीच जन्मल्यासारखी आहे असं मला वाटतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्या एका काकांच्या कारखान्यात मी शूट केलं. हिशोब साधा आहे, आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद, दर ३२ सेकंदांनी एक फोटो घेतला की ९०० फोटो होतात आणि सेकंदाला ३० फोटो पळवले की बरोबर तीस सेकंदांची रील. पण पहिला दिवस अख्खा वाया गेला. मागाच्या जवळच स्टँड ठेवला होता, माग चालू झाला की जमीन हलते, सगळे फोटो पुसट. दुसऱ्या दिवशी फोन खिडकीच्या गजाला पक्का बांधला, एक्सपोजर लॉक केलं, नाहीतर पत्र्याच्या फटीतून ऊन सरकेल तसं चित्र उजळतं आणि काळवंडतं, आणि दर तासाला लेन्सवरची सुताची धूळ मऊ कापडाने पुसली. दुपारी वीस मिनिटं लाइट गेली, तेवढ्याची फ्रेम काढून टाकावी लागली.

आणि मग जे दिसलं ते मी विसरणार नाही. आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा इतका जोरात पळतो की टाइमलॅप्समध्ये तो दिसतच नाही, कधी ह्या टोकाला कधी त्या टोकाला नुसती सावली. माग जागच्या जागी थरथरतो. हलताना दिसतं ते फक्त कापड, आणि त्यावर जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचं, फूल, आधी देठ, मग एकेक पाकळी, मग पुढचं देठ.

तीस वर्षं माग चालवणाऱ्या मामांना फोनवर दाखवलं. त्यांनी चार वेळा बघितलं आणि म्हणाले, “रोज विणतो की ओ, पण फूल असं उगवतंय हे आजच बघितलं.” काकांनी तो व्हिडिओ त्यांच्या हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, वर एवढंच लिहिलं की ही आपल्याच मागावरची आहे.

आता त्यांना सुताची रंगाई पण अशीच हवीये. तिथे गरम पाण्याच्या वाफेने दहा मिनिटांत लेन्स धुरकट होते, म्हणून दाराबाहेरून काचेतून घेता येईल का ते परवा जाऊन बघणारे.