बोटीच्या डेक-फिटिंगसाठी सीलंटची निवड

बोटीच्या डेकवर क्लीट (दोर बांधायची खुंटी), विंच (दोर ओढायचे चक्र), स्टँशनचे म्हणजे कठड्याच्या खांबांचे पाय, दोऱ्यांच्या कप्प्या असे जे सामान बोल्टने बसवतात, त्याच्या बुडाखाली आणि बोल्टभोवती पाणी शिरू नये म्हणून भरायचा लवचीक पदार्थ म्हणजे सीलंट. फिटिंग पुढे कधी काढावे लागणार का, ते कशाचे आहे व कशावर बसते, आणि त्या जागी ऊन व इंधनाचा संपर्क किती, यावर त्याची निवड ठरते. यांतला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुतेकदा विसरला जातो.

केबिनमध्ये थेंब पडणे हे गळतीचे सर्वांत किरकोळ नुकसान. फायबरग्लासच्या पुष्कळ बोटींत डेकच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोमचा हलका गाभा असतो आणि बोल्टसाठी पाडलेले प्रत्येक भोक तो उघडा करते. ओल शिरली की लाकूड कुजते, थर सुटतात आणि डेक पायाखाली दबू लागतो. आत पहिला थेंब दिसेपर्यंत गाभा कितीतरी आधीपासून भिजत असू शकतो.

दुसरे नुकसान बोल्टचे. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा टिकायला प्राणवायू लागतो. डेकच्या जाडीत साचलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही. मग बोल्टचे डोके वरून चकचकीत दिसते, पण काढून पाहिले तर मधला भाग खाऊन बारीक झालेला असतो. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांचा ताण घेणाऱ्या चेनप्लेटही डेकमधून जातात तिथेच अशा कमजोर होतात, आणि ती तुटली तर डोलकाठीच कोसळू शकते.

पॉलियुरेथेन हे सीलंटपेक्षा चिकटद्रव्य म्हणूनच जास्त ओळखले जाते. थ्रीएम कंपनीच्या ५२०० सारख्या जोरकस प्रकाराने बसवलेले क्लीट उपटताना खालचा जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा गुळगुळीत थरही सोलून येतो. पाण्याखालचे, कायमचे जोड हे त्याचे खरे क्षेत्र. डेकवरच्या सामानाला ते वापरू नये. क्लीटवरची ओढ बोल्ट आणि डेकखाली भार पसरवणारी बॅकिंग प्लेट यांनी पेलायची असते, सीलंटने नव्हे. त्यामुळे त्या चिकटपणाचा फायदा काहीच नाही आणि दहा वर्षांनी फिटिंग काढणाऱ्याला शिक्षा मात्र होते. पॉलियुरेथेनच वापरायचे असेल तर त्याच कंपनीच्या ४२०० सारखा सौम्य प्रकार घ्यावा.

पॉलिसल्फाइडचा शोध अमेरिकेत १९२० च्या दशकात लागला. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ पॅट्रिक स्वस्त अँटिफ्रीझ (इंजिनातले पाणी गोठू नये म्हणून घालायचे द्रव) बनवू पाहत होते आणि हाती उग्र वासाचा रबरी गोळा आला. पॉलिसल्फाइड इंधनाला दाद देत नाही आणि सागवानी डेकच्या फटींत उत्तम टिकते. मात्र अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस अशा प्लास्टिकला ते ठिसूळ करते, म्हणून खिडक्या आणि प्लास्टिकची झाकणे यांपासून ते दूर ठेवावे. सिलिकॉन प्लास्टिकला चालते, उन्हातही टिकते. पण त्याचा अंश पृष्ठभागावर राहिला की पुढे रंग किंवा दुसरे सीलंट तिथे धरत नाही. अलीकडचे सिलेन-पॉलिमर प्रकार ऊन सोसतात आणि रंगही घेतात.

साध्या फिटिंगसाठी अनेक जाणकारांची पसंती ब्यूटाइल टेपला आहे, आणि ती योग्य आहे. हे रबर कधीच सुकून कडक होत नाही. मळलेल्या कणकेसारखे दाबू तसे पसरते. बोट लाटांवर पिळवटते तेव्हा फिटिंग किंचित हलते. कडक जोड तिथे तडकतो, ब्यूटाइल सोबत ताणले जाते. फिटिंग काढायचे झाले तर हळूहळू जोर लावला की सुटते. पेट्रोल व डिझेलने मात्र ते विरघळते, त्यामुळे इंधनाच्या टाकीच्या तोंडाशी त्याचा उपयोग नाही.

भोकाची तयारी चुकली तर चांगले सीलंटही हरते. भोक आधी मोठे पाडून भोवतीचा गाभा कोरून काढतात, तिथे घट्ट केलेले इपॉक्सी (कडक होणारी राळ) भरतात आणि ते कडक झाल्यावर मधोमध बोल्टचे भोक पाडतात. आता गळती झाली तरी गाभा कोरडा राहतो. वरच्या कडेला हलका काउंटरसिंक, म्हणजे उतरता खोलगट कापा दिला की सीलंटला बोल्टभोवती कड्यासारखे बसायला जागा मिळते. आवळताना वरून बोल्ट स्थिर धरून खालचा नट फिरवावा. बोल्ट फिरला तर भोवतीचे कडे तुटते. ब्यूटाइल घातलेले नट एकदम आवळू नयेत. काही दिवस थोडे थोडे आवळावेत, कडेने टेप बाहेर येईल तशी कापून टाकावी.

पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने सुकते, म्हणून कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर ते लवकर धरते, आणि उघडी नळीही तितक्याच लवकर वाया जाते. ओले पॉलियुरेथेन अल्कोहोलने पुसू नये, त्याने सुकण्याची क्रियाच बिघडते; त्यासाठी मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचे द्रावक) वापरावे. जुनी फिटिंग उघडून पुन्हा बसवायचे काम पावसाळ्याआधीच्या कोरड्या महिन्यांत काढावे, कारण भिजलेला गाभा वाळायला कित्येक आठवडे लागतात आणि ओल्या गाभ्यावर इपॉक्सी नीट धरत नाही.