सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर : विल्यम जेम्स

लंडनच्या आग्नेय भागात, शूटर्स हिलच्या झाडीत सुमारे ६३ फूट उंचीचा एक तीनकोनी मनोरा आहे. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपल्या हर्णैचा सुवर्णदुर्ग. ज्याच्या स्मरणार्थ तो बांधला, त्या कमोडोर विल्यम जेम्सचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. मराठी आरमाराचं पुढे काय झालं हे समजून घ्यायचं, तर ते घ्यायला हवं.

जेम्स वेल्समधल्या मिलफर्ड हेवन परिसरातला, साध्या घरातला. पोरवयात समुद्रावर गेला, १७४७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला आणि १७५१ मध्ये तिच्या मुंबईच्या आरमाराचा प्रमुख झाला. व्यापारी जहाजांना आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांपासून, म्हणजे लढाऊ जहाजांपासून, जपून नेणं हे या आरमाराचं मोठं काम होतं.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यानंतर मुलांमध्ये तंटे लागले. विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग तुळाजीकडे राहिले. तुळाजी शूर, पण पेशव्यांना जुमानत नव्हता. त्याला वठणीवर आणायला नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशीच हातमिळवणी केली. १७५५ च्या मार्चमध्ये करार झाला. पेशव्यांच्या बाजूने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव पुढे होते. घरचं भांडण मिटवायला परक्याची तोफ मागवली, ती इथे.

‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचं जहाज आणि सोबत तीन लहान जहाजं घेऊन जेम्स हर्णैला आला. आधी त्याने समुद्राच्या बाजूने, पश्चिमेकडून मारा केला. तिथला तट कातळावरच उभा, तो काही ढळेना. मग त्याने जहाजं ईशान्येकडे, किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात आणली आणि अगदी जवळून आग ओकली. एका गोळ्याने किल्ल्यातलं शाकारलेलं छप्पर पेटलं, आग दारूकोठारापर्यंत गेली आणि स्फोट झाला. एप्रिलच्या पहिल्या काही दिवसांत सुवर्णदुर्ग आणि समोरच्या किनाऱ्यावरचे छोटे किल्ले पडले.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले. तिथल्या बंदराची टेहळणी जेम्सने आधीच करून ठेवली होती. या लढाईत आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. मराठी आरमाराला बसलेला हा घाव पुन्हा भरून निघाला नाही, आणि त्याची जबाबदारी एकट्या इंग्रजांवर टाकणं मला प्रामाणिक वाटत नाही. तुळाजी मराठ्यांच्या हाती लागला आणि कैदेतच त्याचा अंत झाला.

जेम्स १७५९ मध्ये श्रीमंत होऊन मायदेशी परतला. एल्थमला जमीनजुमला घेतला, कंपनीचा संचालक आणि पुढे अध्यक्ष झाला, पार्लमेंटातही बसला. १७७८ मध्ये ‘सर’ झाला. डिसेंबर १७८३ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी पत्नी ॲन हिने रिचर्ड जप या वास्तुविशारदाकडून हा मनोरा उभारून घेतला. दारावरच्या शिलालेखात २ एप्रिल १७५५ ही तारीख आहे, जेम्सच्या पराक्रमाची स्तुती आहे. पेशव्यांच्या कराराचा किंवा रामाजी महादेवांचा उल्लेख मात्र नाही.

सुवर्णदुर्ग करारानुसार पेशव्यांना मिळाला. त्या बाजूचं बाणकोट कंपनीने घेतलं आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणू लागली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा सुवर्णदुर्गही कंपनीकडे गेला.