सौर यंत्रणा आणि मिळकतकर (पुणे)

पुणे महापालिकेच्या हद्दीत घराच्या गच्चीवर सौर बंब किंवा सौर वीजसंच बसवला म्हणून मिळकतकर वाढत नाही. निवासी मिळकतीला उलट सवलत मिळू शकते.

याचे कारण आकारणीच्या पद्धतीत आहे. महापालिका मिळकतीची किंमत मोजत नाही. ती वर्षभर भाड्याने दिली तर किती भाडे यावे, याचा अंदाज धरते. क्षेत्रफळ, विभाग, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवरून हे भाडे ठरते. त्यातून देखभालीची वजावट केली की करपात्र मूल्य उरते. सौरसंचावर झालेला खर्च या हिशेबात कुठेच येत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील करविषयक नियमांनुसारही यंत्रसामग्रीचे मूल्य करपात्र मूल्यात धरायचे नसते. जाहीर सूचनेने ठरवलेले यंत्रांचे वर्ग तेवढे त्याला अपवाद.

सौर यंत्रणा, पर्जन्यजलसंधारण आणि गांडूळ खत यांपैकी एक प्रकल्प असेल तर ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के अशी सवलतीची रीत आहे. सोसायटीच्या सामाईक प्रकल्पाचा लाभ प्रत्येक सदनिकेच्या बिलात दिसतो. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर ही राज्य शासनाची रक्कम असल्याने त्यांत महापालिका सूट देऊ शकत नाही. प्रकल्प चालू स्थितीत असणे ही मुख्य अट, आणि घोडे अडते ते इथेच: बंबाच्या नळ्या फुटलेल्या, टाकी गंजलेली, तरी बिलावर सवलत चालूच, असे प्रकार तपासणीत निघाले आणि सवलती काढून घेतल्या गेल्या. पिंपरी-चिंचवडमध्ये हरित इमारतींची करसवलत ‘गृह’ (GRIHA) या पर्यावरणपूरक इमारतींना दिल्या जाणाऱ्या मानांकनाच्या ताऱ्यांशी जोडलेली आहे.

गच्चीवरच्या वस्तूवर कर लावताच येत नाही, असे मात्र समजू नये. राज्यघटनेतील राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या अधिकारातील विषयांच्या यादीत, ४९ वी नोंद ‘जमिनी व इमारती’ यांवरील कराची आहे. तिच्यातील ‘इमारत’ या शब्दात मोबाइल टॉवरही बसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरातमधील प्रकरणात ठरवले. टॉवरमुळे गच्चीला भाडे येते; घरगुती पॅनेलची वीज बहुधा घरातच वापरली जाते आणि उरलेली नेट मीटरिंगने वीजबिलात वळती होते. हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रत्यक्षात वादाचा धोका असतो तो पॅनेलखालच्या सांगाड्याचा. सावली टाळायला आणि गच्ची वापरती ठेवायला पॅनेल पुरुषभर उंचीवर बसवतात. त्याखाली पत्रे घातले, बाजू बंद केल्या आणि खोली भाड्याने दिली, तर ते वाढीव बांधकाम म्हणून मोजले जाऊ शकते. तो कर शेडचा. पॅनेलचा त्याच्याशी संबंध नाही.

हद्दीबाहेरच्या गावांत घरपट्टी ग्रामपंचायत लावते. शिरूर, बारामतीसारख्या तालुक्यांत प्रश्न गच्चीचा कमी आणि जमिनीवरच्या प्रकल्पांचा अधिक आहे. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख रुपये याप्रमाणे तीन वर्षे अनुदानाची तरतूद आहे. हा कर नव्हे, पण पंचायतीच्या तिजोरीत पैसा येतोच.