शेताचे विकासहक्क काउंटीला विकताय? आधी घराची जागा ठरवा

न्यू जर्सीत शेत असलेली मराठी कुटुंबं मोजणीसाठी आमच्या कार्यालयात येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो : "काउंटी आमचं शेत विकत घेणार का?" नाही. शेत तुमचंच राहतं. काउंटी घेते ते विकासहक्क, म्हणजे त्या जमिनीवर घरं, गोदामं, दुकानं उभारण्याचा हक्क. त्याचे पैसे मिळाल्यावरही तुम्ही शेत कसू शकता, खंडानं देऊ शकता, विकू शकता, मुलांच्या नावे करू शकता. मात्र इझमेंटचं, म्हणजे विकासहक्क सोडल्याच्या बंधनाचं, डीड (दस्त) नोंदलं गेलं की ते बंधन कायमचं, आणि ते पुढच्या प्रत्येक मालकाकडे जमिनीबरोबरच जातं. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना आठवा. फरक एवढाच, की हा बोजा पुढे कधी कमी करून घेता येत नाही.

१९८१ मध्ये इथल्या मतदारांनी शेतजमीन वाचवण्यासाठी ५ कोटी डॉलर्सचे रोखे मंजूर केले, १९८३ मध्ये कायदा झाला आणि तेव्हापासून हे काम चालू आहे. किंमत अशी ठरते : दोन स्वतंत्र मूल्यमापक येतात. बंधन नसताना जमिनीची किंमत किती आणि बंधन आल्यावर किती, हे दोघं आपापलं काढतात. यातला फरक म्हणजे विकासहक्कांची किंमत. राज्याची समिती ती प्रमाणित करते. काउंटीमार्फत अर्ज केला असेल तर साधारण ६० ते ८० टक्के वाटा राज्य उचलतं, उरलेला काउंटी आणि बऱ्याचदा टाउनशिप.

मालमत्ता करातली शेतीची सवलत ही वेगळी गोष्ट. ती १९६४ च्या कायद्यानं मिळते, किमान ५ एकर लागतात आणि दर वर्षी १ ऑगस्टपर्यंत नवा अर्ज द्यावा लागतो. सवलत मिळते म्हणजे शेत जतन झालं (त्याचे विकासहक्क विकले गेले) असं नाही, आणि शेत जतन झालं म्हणून सवलत आपोआप मिळत नाही.

आता ज्यासाठी हे पत्रक छापलं ते. "मुलगी पुढेमागे इथे घर बांधेल", हे वाक्य आम्हाला फार उशिरा ऐकू येतं. कधी मूल्यमापक येऊन गेल्यावर, कधी मोजणीच्या दिवशी बांधावर उभं असताना. जतन केलेल्या शेतात असलेलं घर राहतं, पण नवं घर हवं असेल तर त्यासाठी जागा आधीच वगळून ठेवावी लागते. तिला एक्सेप्शन म्हणतात. (१०० एकरांमागे एक घर असा दुसरा मार्ग आहे, तोही शेतात राबणाऱ्यासाठी. आपल्यापैकी फार थोड्यांची शेतं तेवढी मोठी आहेत.) ही जागा अर्जातच दाखवायची असते. मूल्यमापन तिच्यावर अवलंबून असतं, त्यामुळे मध्येच ती हलवली की मूल्यमापन पुन्हा, मंजुरी पुन्हा, आणि आधीच वर्ष-दोन वर्षांचं असलेलं काम आणखी लांबतं. डीड नोंदल्यावर तर ती वाढवता येत नाही, सरकवताही येत नाही.

वगळलेली जागा दोन प्रकारची. एक शेतापासून तोडून वेगळी विकता येते. दुसरी कायम शेतालाच जोडलेली राहते, शेत विकलं की तीही जाते. मुलीला घर द्यायचं की शेतासकट घर द्यायचं, हे इथेच ठरतं. आणि वगळलेल्या जागेचे पैसे मिळत नाहीत : ४० एकरांतून २ वगळले तर हिशोब ३८ चा. म्हणून "असू दे जास्तीची" असं करू नका, पण हात आखडून अर्ध्या एकरात घर, विहीर आणि सेप्टिक कोंबूही नका. सेप्टिकसाठी मातीची चाचणी आधी करा. रस्त्यालगतचा देखणा कोपरा निवडला आणि तिथे पाणीच मुरत नाही, तर ती जागा वगळून काहीच साधत नाही.

म्हणूनच आम्ही पहिल्या भेटीत नकाशा काढत नाही. सगळ्या सहमालकांना घेऊन एकदा शेतातून चालतो, खुंट्या ठोकतो, फोटो घेतो, आणि घरी बोलायला दोन आठवडे देतो. या फेरीचे पैसे वेगळे लावतो, ते काहींना खटकतं. पण पुन्हा करावं लागणारं काम याच्या कितीतरी पट महाग पडतं, आणि एकदा कायमची झालेली चूक आम्हालाही मोजून दुरुस्त करता येत नाही. पुढे मोजणी आम्हालाच दिलीत तर फेरीची रक्कम बिलातून वजा करतो.

येताना खरेदीखत, जुना नकाशा असल्यास तो, आणि शेतावर कर्ज असेल तर बँकेची कागदपत्रं आणा. इझमेंटला पहिला मान देण्याची संमती बँकेकडून लेखी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. डीडचा मजकूर वकिलाकडून आणि कराचा भाग तुमच्या सीपीएकडून तपासून घ्या; ते काम आम्ही करत नाही. शनिवारी सकाळीही फेरी ठेवतो, फक्त जमीन गोठायच्या आत या, नंतर खुंट्या ठोकणं कठीण जातं.